सुमनची भातुकली

दिवाळीची आवराआवर निघाली की घरात धुळीचा आणि जुन्या प्लॅस्टिकचा वास सुटतो. परवा माझी लेक सुमन तिच्या मुलीला एकेक खेळणं दाखवून विचारत होती, "हे द्यायचं का गं?" मग माझ्याकडे बघून हसली. "आप्पा, आईनं मला कुठं विचारलं होतं!"

मी मान खाली घातली.

तेव्हा आम्ही दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. मी मालगाडीवर गार्ड होतो. एका दिवाळीच्या तोंडावर बायको चकलीची भाजणी दळायला गिरणीत गेली असताना दारात भंगारवाला आला. मी सुमनच्या भातुकलीचं पोतं त्याला देऊन निळी बादली घेतली. शाळेतून आल्यावर सुमन पलंगाखाली वाकली आणि रडायला लागली.

"कुणी दिली?"

"आईनं," मी म्हणालो.

बायको पिठाचा डबा घेऊन दारातच उभी होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. "व्हय, मीच दिली." पुढं दोन दिवस सुमन तिच्याशी बोलली नाही.

नंतर मी बायकोला विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही दोन-दोन दिस गाडीवर. घरी असता तवा तरी पोरगी तुमच्याजवळ बसू द्या की."

आता ती नाही. परवाही मी गप्पच राहिलो, आणि सुमन चहा घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. तोंडानं सांगणं होत नाही म्हणून लिहून ठेवतो आहे. सुमन, तुझी भातुकली मी दिली.