समोरच्या खोलीतला बालाजी

बालाजीला माणसांची नावं लक्षात राहत नसत. कुणी येऊन गेलं आणि विचारलं, "कोण आलं होतं रे?" की तो उठायचा आणि चार पावलं चालून दाखवायचा. तेवढ्यात कळायचं, की टँकरवाला आला होता, की माझे थोरले मेव्हणे. मेव्हण्यांची चाल तो अशी करायचा, की आधी पोट दारात यायचं आणि मागाहून मेव्हणे. "नाव काय, कुनीबी ठिवतंय मालक," तो म्हणायचा, "चाल ज्याची त्यालाच चालावी लागती."

मालक म्हणजे मी. खरं तर मालक आबा, माझे वडील. चिखलीतल्या आमच्या शेतात आधी शेड उभ्या राहिल्या, मग कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या. आमच्या दारासमोरची पहिलीच खोली बालाजीची. गाव लातूरकडचं, नोकरी चाकणला गाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये, लग्न ठरता ठरता राहिलेलं. मी कंपनीत सुपरवायझर आणि उरलेल्या वेळात नट. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, असं परीक्षकसुद्धा म्हणायचे. एवढं असून सांगतो, मी बालाजीवर जळायचो. आत काहीतरी करपल्याचा वास मला स्वतःलाच यायचा.

सुरुवात आबांपासून झाली. आबांनी माझं एकही नाटक पाहिलं नाही. पहिल्या बक्षिसानंतर मी आग्रह केला, तर म्हणाले, "तालमीत समदं ऐकू येतंय की घरातनं. पुन्यांदा तिकीट काढून काय ऐकायचं?" हेच आबा संध्याकाळी बाजेवर बसून बालाजीच्या चाली बघत आणि हसता हसता त्यांच्या तोंडातली सुपारी अंगणात उडे. मी घरात शिरलो की हसू बंद. घसा खाकरून विचारायचे, "जेवला का?" आमचं बापलेकाचं बोलणं बहुधा एवढंच.

आबा गेले तेव्हा बालाजी सगळ्यांदेखत हमसून रडला. मी गाड्या कुठे लावायच्या ते सांगत होतो, लाकडांचं बघत होतो, कोरडा ठाक. भावकीतली माणसं येत आणि खांद्यावर हात ठेवून समजूत काढत ती बालाजीची. रडण्यातही त्यानं बाजी मारली, असं मला त्या घाटावर वाटलं. असं वाटायला नको होतं, पण वाटलं.

त्यानंतर वर्षभरातच आमच्या दिग्दर्शिका मेधाताईंनी एक नवंच खूळ काढलं. चार पुरुष, एकही संवाद नाही, नुसत्या अंगानं करायचं विनोदी नाटक, 'पोट आत, छाती पुढे'. आजचा पुरुष चालतो कसा, बसतो कसा, कुठे अडतो, ते बघायचं. माझं सगळं भांडवल घशात, आणि या बाई म्हणतात शब्द नकोत! चर्चेला त्या आमच्या घरी चहाला आल्या. तेवढ्यात समोर बालाजी भरलेला गॅस सिलिंडर खांद्यावर घेऊन चालला होता, आणि शेजारच्या खोलीतली बाई बघते आहे हे लक्षात येताच सिलिंडर रिकामा असल्यासारखा तो शीळ घालत चालू लागला. कोपऱ्यावर गेल्यावर मटकन बसला. "हा कोण?" मेधाताईंनी विचारलं. माझा चहा तिथेच निवला.

चौघांतला एक बालाजी ठरला. तालमीत मी कुरकुर केली की म्हणायचा, "तोंडाचा येगळा पगार मिळतो व्हय, मालक? ऱ्हाऊ द्या की त्याला सुट्टीवर." प्रयोग तुफान चालले. एका प्रवेशात तो न दिसणाऱ्या सोन्याच्या साखळ्या गळ्यात घालत जायचा. एकेका साखळीनं मान खाली, नाक जमिनीला टेकलं तरी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐटीत हात करायचा, 'काय राव!' पहिल्या रांगेतले खऱ्या साखळ्यांवाले सगळ्यांत जास्त हसत. प्रत्येकाला वाटे, हा शेजारचाच. प्रयोग संपला की बायाबापड्या बालाजीभोवती जमायच्या आणि मला विचारायच्या, "बाथरूम कुठंय हो?"

शेवटचा प्रवेश आम्हा दोघांचा. मी मुलगा, तो बाप. मी गाडीला बटण मारतो आणि प्रेक्षकांकडे तोंड करून कामाला निघतो. बाप मागे दारात उभा. मेधाताईंची सक्त ताकीद होती, "संजय, मागे वळलास की सीन मेला." तालमीत बालाजी नुसताच उभा राहायचा. म्हणायचा, "मानसं आली की करतो." प्रयोगात मी छाती काढून गाडी चालवतोय आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत अख्खं थिएटर हसतंय. मग एकदम शांत. मग टाळ्या. पुढच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसतंय. मागे हा नेमकं काय करतो, ते मला कळत नव्हतं आणि मी विचारणारही नव्हतो. त्याला कशाला मोठेपणा द्यायचा? बायको म्हणाली, "बालाजीभाऊंनी रडवलं आज." मी फणकारलो, "आणि मी काय तिथं भाजी निवडत होतो?" ती माझ्याकडे बघत राहिली.

पुढे पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत प्रयोग झाला. तिथल्या कुणीतरी मोबाइलवर शेवटचा प्रवेश उतरवून पाठवला. कँटीनमध्ये डबा खाता खाता मी तो लावला, तोही स्वतःचं काम बघायला.

पुढे मी, छाती काढलेला, खूश. मागे बाप दारात येतो, उगाच आभाळाकडे बघतो. माझी पाठ फिरली रे फिरली की त्याचा डावा हात वर उठतो. डावाच, कारण उजवा खांद्याच्या वर जात नाही. आबांचा उजवा हात मळणीयंत्रात सापडल्यापासून असाच होता. पोराच्या पाठीवर ठेवायला उठलेला तो हात हवेत थांबतो. तेवढ्यात कुणी येतंसं वाटतं, आणि हात माश्या हाकलू लागतो. पुन्हा उठतो, पुन्हा कुणी दिसतं, हात टोपी सारखी करतो. लोक हसून लोळतायत. तिसऱ्यांदा मात्र हात खाली येत नाही. गाडीचा आवाज संपेपर्यंत तसाच वर राहतो. मग बाप हळूच तळवा बघतो, धोतराला पुसतो आणि आत जातो.

माझा घास तोंडातच राहिला. उरलेली शिफ्ट कशी निभावली, मला सांगता येणार नाही. घरी न जाता मी सरळ बालाजीच्या खोलीत शिरलो. तो कणीक मळत होता. मी मोबाइल त्याच्यापुढे धरला.

"हे कुठनं आणलंस?"

"आनलं?" तो म्हणाला. "रोज बघत व्हतो की. माजं दार समूरच हाय. तुमी निघायच्या वक्ताला मी दात घासत उभा आसायचो."

"रोज?"

"मी हाय म्हून तर माश्या हाकलायचे आबा. मग मी भित्तीकडं तोंड करायचो."

"मग मला सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढला होता. शेजारच्या खोलीतला रेडिओ बंद झाला.

बालाजीनं कणकेचे हात तसेच धरले. त्याला खरंच कळत नव्हतं. "मला वाटलं, तुमाला ठाव हाय. ठाव हाय म्हूनच मागं बघत न्हाईत. बापलेकाचं ठरलेलं आसंल, म्हनलं. आपन कशाला मधी बोलावं?"

टाळ्या त्यानं न्याव्यात, मेधाताईंचं कौतुक न्यावं, ते सगळं मी एका दमात सोडून दिलं असतं. पण या माणसानं रोज सकाळी माझ्या बापाचा हात पाहिला होता आणि मी एकदाही नाही. त्याच्यावर इतका मी कधीच जळलो नव्हतो. त्यानं हात धुतले आणि म्हणाला, "बसा, दावतो." मी कॉटवर बसलो. त्या एवढ्याशा खोलीत, शेगडी आणि बादलीच्या मधे उभं राहून त्यानं ते सगळं मला करून दाखवलं. नंतर आम्ही दोघं पोळ्या खायला बसलो. त्यानं मला पहिल्यांदाच 'संजयभाऊ' म्हटलं.

गेल्या वर्षी त्याची कंपनी गुजरातला गेली आणि बालाजीही गेला. जाताना गळाभेट झाली, पुरुष करतात तशी, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत. प्रयोग अजून चालू आहेत. बाप आता मी करतो, मुलगा एक नवा मुलगा करतो. डावा हात, माश्या, टोपी, तळवा, सगळं जिथल्या तिथे. लोक हसतात, मग शांत होतात. परवा चिंचवडला एक म्हातारे आत आले, माझा हात धरून म्हणाले, "वडील अगदी डोळ्यांसमोर उभे केलेत हो. बारीक लक्ष असणार तुमचं त्यांच्याकडे."

मी "हो" म्हणालो. लक्ष बालाजीचं होतं. त्यानं आबांना बघून केलं. मी बालाजीला बघून करतो.