आप्पांचा हुंकार

उदगीरला शिकायला होतो तेव्हा आप्पांच्या भुसार दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. मी गोष्टी लिहितो म्हटल्यावर गावाकडं सगळे हसले होते. आप्पांनी मात्र खाली बोलावलं आणि वाचायला लावलं. भिंतीला टेकून, मांडी घालून, डोळे मिटून ते ऐकायचे. मधूनमधून "हूं" म्हणायचे. हुंकार थांबला की समजायचं, इथं आपण खोटं लिहिलंय.

पुढं नोकरीनं नांदेडला आणलं. एका लांब कथेचं पहिलं पान त्यांना ऐकवलं आणि तिथंच अडकलो. ते फोनवर विचारायचे, पुढं काय झालं? मी म्हणायचो, होत आली. अशी वर्षं गेली. एक ओळ लिहिली नव्हती, हे बायकोलाही कधी बोललो नाही. शेवटी त्यांचा आवाज फारच थकलेला वाटला, तेव्हा सांगून बसलो, "झाली आप्पा. ऐकवायला येतो."

दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या सुनेचा फोन आला. आप्पांसाठी लवकर या, एवढंच म्हणाली. आजारी असतील, असं मी धरलं. वाटेत कंधारच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा मनात ठरवूनही टाकलं होतं: तेच जुनं पान सावकाश वाचायचं, थकलेला माणूस झोपून जाईल, आपलं निभावेल. खाली जाडी दिसावी म्हणून कोरे कागद लावले होते.

पोचलो तेव्हा दुपार होती. पुरुषमाणसं शेताकडं गेलेली, बायका आत हळू बोलत होत्या. बाहेरच्या खोलीत आप्पा भिंतीला टेकून बसलेले. धुतलेलं धोतर, कपाळावर ताजी विभूती, डोळे मिटलेले. बरे दिसतायत की, असं वाटलं. समोर बसलो आणि वाचायला लागलो.

हुंकार येईना. पकडलं यांनी आपल्याला, म्हणून तेच वाक्य मोठ्यानं वाचलं. मग त्यांच्या छातीवरून भिंतीतल्या खुंटीला बांधलेलं उपरणं दिसलं.

त्यांच्यात माणसाला बसवून समाधी देतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते तर नेहमीसारखेच बसले होते.

आणि तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, तर सुटलो. आज पहिल्यांदा हे लिहितोय.

दारात सून उभी होती. "थांबलात कशाला? पहाटे म्हनले, तो येऊन राहिलाय, गोष्ट झालीय त्याची. वाचा पुढं."

पुढं कोरा कागद होता. तो डोळ्यांसमोर धरून मी बोलत गेलो. इतकी वर्षं न हललेली कथा आपोआप चालत होती. मध्येच कुठंतरी "हूं" आलं. सुनेनं तोंडाला पदर लावला होता, तिचंही असेल. मी मान वर केली नाही, नंतर विचारलंही नाही.

त्या दिवशी बोललो ते आता कागदावर उतरवतोय. सुट्टीच्या दुपारी भिंतीकडं तोंड करून एकेक वाक्य म्हणतो आणि थांबतो. कित्येक दुपारी काहीच येत नाही. मग खोडतो, पुन्हा लिहितो.

परवा स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, "मघापासून कुणाला हूं हूं करून राहिलात?"

मी तर एकदाही हूं म्हटलं नव्हतं. पुढचं वाक्य लिहायला घेतलं.