होडीत फुलझाडं लावायची नव्हती

वेरूळच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला आमची लाकडी होडी हवी होती. दारात ठेवून तिच्यात फुलझाडं लावायची, लोक फोटो काढतील, असा त्याचा बेत. भावाने होकारही देऊन टाकला होता. त्याच्याकडे नवी फायबरची होडी आली होती. वडिलांची जुनी पैठणला घरामागं उन्हात पालथी पडलेली. त्यांचे गुडघे गेल्यापासून तिला पाणी लागलं नव्हतं.

"फळ्या फाकल्यात ताई. नुसता सांगाडा राहिलाय," भाऊ म्हणाला.

"मग मी नेते."

"तू? वाळूजला कंपनीत जाणारी बाई, होडी ठेवणार कुठं?"

कुठं, हे मलाही ठाऊक नव्हतं. पण वडील खाटेवर पडून भिंतीकडं बघत होते, ते मला बघवेना. पुढच्या रविवारी टेम्पो केला, होडी शहरात आणली आणि सोसायटीत माझ्या पार्किंगच्या जागेत उतरवली. आमच्याकडं चारचाकी नाही. जागा मात्र आमची आहे.

डांबराचा डबा उघडला त्या संध्याकाळी चेअरमन खाली आले. "ताई, इथं गाडी लावायची असते."

"ही गाडीच आहे साहेब. पाण्यावर चालते, एवढंच."

"आणि हा डांबराचा वास?"

"तुमच्या घराच्या रंगाचा वास आम्ही घेतलाच की."

ते पाय आपटत वर गेले. कंपनीतली पाळी संपवून आले की मी रोज कामाला बसायचे. कुजलेल्या फळ्या सुताराकडून बदलून घेतल्या. बाकीच्या फटींत डांबरात बुडवलेला कापूस छिन्नीने ठोकून भरला, लहानपणी वडिलांजवळ बसून भरायचे तसाच. हात काळे झाले ते काळेच. कंपनीत बायका हसल्या. हसू दे.

होडी पैठणला नेऊन धरणाच्या पाण्यात लोटली, तर चहूबाजूंनी पाणी आत शिरलं.

"बुडाली की गं!" भाऊ काठावरून ओरडला.

"बुडू दे."

मीच तिच्यात दगड भरले आणि काठालगत खुंटीला बांधून बुडवून ठेवली. सुकलेलं लाकूड पाणी पिऊन फुगलं की फटी मिटतात. हे त्यालाही माहीत होतं. पण फायबरच्या होडीला असले लाड लागत नाहीत, म्हणून विसरला असेल.

पुढच्या सुट्टीला दगड काढले, पाणी उपसलं. होडी वर आली आणि वरच राहिली. एका कोपऱ्यातून थेंब झिरपत होते, तिथं आणखी कापूस कोंबला. भाऊ घरी गेला आणि वडिलांना पाठीवर घेऊन आला. त्यांना पुढच्या फळीवर बसवलं.

मी वल्हं मारलं. वडिलांनी होडीच्या काठावरून हात फिरवला.

"डावीकडं वढतीय," ते म्हणाले. "पयल्यापासनं खोड हाय तिला."

"वढू दे."

"लई आत जाऊ नको," भाऊ मागं काठावरून ओरडला.

वडिलांनी मागं वळूनही पाहिलं नाही. "जा गं तू," म्हणाले. मी खोल पाण्याकडं निघाले.