एक्केचाळीस बरण्या

टक्. मावशीने सहावी बरणी उघडली. टक्. सातवी.

"अहो मावशी! वेड लागलंय का?" मॅनेजर साहेब धावत आले.

"लागलं असतं तर बरं होतं. गप्प तरी बसले असते."

एकदा सील तुटलं की तो माल पेशंटच्या अंगात भरत नाहीत. हा नियम साहेबांनीच भिंतीवर चिकटवलेला. अजून चौतीस बरण्या बाकी होत्या आणि गाडी गेटवर उभी.

मावशी भट्टीवाली. चौदा वर्षं ती हाडात भरायची काच वितळवते. मोडलेल्या हाडात खड्डा उरला की डॉक्टर त्यात या काचेचे दाणे भरतात. दाणे हळूहळू विरघळतात, त्यांच्यावर पांढरा थर धरतो, हाड त्याला आपलं समजून चिकटतं आणि वाढतं. खिडकीची काच पाण्यात विरघळली तर लोक शिव्या घालतील. ही नाही विरघळली तर फुकट गेली.

वितळवायचं प्लॅटिनमचं भांडं चिरलं, म्हणून साहेबांनी पांढऱ्या मातीचं स्वस्त भांडं आणलं. काच निघाली एकदम चकाचक. साहेब खूष. मावशीने मात्र भांड्याचा तळ बोटाने चाचपला. मातीचं भांडं तापून झिजतं, त्याचा अंश काचेत उतरतो, मग काच हट्टी होते, विरघळायचं नावच घेत नाही. तिने जुन्या-नव्या काचेचे दाणे दोन बाटल्यांत, खारट पाण्यात, अंगाइतक्या उबेत सात दिवस ठेवले. जुन्यावर दुधासारखा थर. नवे दाणे जसेच्या तसे.

"मी दाखवलं होतं ना तुम्हाला?" टक्.

"तपासणी तुमचं काम नाही! कोणाला कळणार होतं?"

"ज्याच्या पायात भरलं असतं त्याला. महिनोन् महिने पडून राहिला असता बिचारा, हाड भरतंय म्हणून. अन् आत नुसती वाळू." टक्.

"शाळा कितवीपर्यंत झाली तुमची?"

"सहावी. तुमची किती झाली ते दिसतंयच."

दाणे चाळणारी बाई फिस्सकन हसली. साहेब लालबुंद. "उद्यापासून यायचं नाही!"

"आधी आजचं तरी संपवू द्या."

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस उघडल्या तिने. नोकरी गेली. माल काही गेला नाही.

नंतर कधीतरी चाळणीवालीने सांगितलं. ऊब देणाऱ्या पेटीला साहेबांनी आधीच कुलूप घातलं होतं. मावशीने त्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून स्वतःच्या पोटाला बांधल्या होत्या. सात दिवस ती पालथी झोपली नव्हती.