आमच्या भिशीत दहाचं नाणं

आमच्या अमरावतीत दहाचं नाणं कोणी घेत नसे. ते बंद केलं कोणी, देव जाणे. मोबाइलवर सरकारी मेसेज येई की नाणं खरं आहे, बिनधास्त घ्या, पण किराणावाला हात मागे घेई आणि म्हणे, "नाई चालत इकडे." संपला विषय!

मी मात्र घ्यायची. कॉलेजसमोर माझी गिला वड्याची गाडी. बाहेरगावची पोरं खिशातून तेच काढत, आणि खाल्लेला वडा काय परत घेता येतो? अशी पिशवीभर नाणी साठली. त्या महिन्यात धंदा मंदा होता, भिशीचा हप्ता द्यायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. हप्ता नाही तर डब्यात चिठ्ठी नाही, हा आमचा कायदा. इकडे मुलीच्या नर्सिंगच्या फीची शेवटची तारीख तोंडावर आली होती. मला ती भिशी लागायलाच हवी होती.

भिशी चालवणाऱ्या काकूंच्या पुढ्यात मी पिशवी ओतली.

"हे काय आणलं वं? कोन घेईन हे?" काकू म्हणाल्या.

मग मी जी सुटले! "काहून नाई घेईन? आपण घेत नाई म्हून ते चालत नाई. तुमचं दुकान हाय, हिची भाजी हाय, तिचं पार्लर हाय. आपण साऱ्याजणींनी घेतलं का चाललंच!" अंगात आल्यासारखी बोलत होते मी.

"मले भेटलं तं मी घेतो बा," भाजीवाली म्हणाली. मग बाकीच्याही हो-हो करू लागल्या. काकूंनी ठरावच केला: आजपासून भिशीत आणि आपापल्या दुकानांत दहाचं नाणं चालणार. टाळ्या पडल्या. मला तर वाटलं, देशाचा कारभार आमच्याच हाती आला.

चिठ्ठ्या डब्यात पडल्या. काकूंनी एक उचलली, उघडली, माझ्याकडे बघून हसल्या. माझी! मी जागच्या जागी उडीच मारली. काकूंनी नोटांची गड्डी माझ्या हातात ठेवली आणि वर ती पिशवी.

आणि माझ्या तोंडून गेलं, "काकू, याच्या नोटा नाई भेटन काय?"

सगळ्या अशा हसल्या की भाजीवालीला उचकी लागली. "अवं, आता तूच नाई म्हनशीन तं आमी काय करावं?"

लाजेनं कान तापले माझे. पण पिशवी मी घट्ट धरली, आणि फी घेणाऱ्या बाबूशी उद्या कसं भांडायचं ते तिथंच ठरवायला लागले.