बाकावरची उशी

सफ्ताने एकदा मनात घेतलं की घेतलं. लग्नाआधी तिच्या बापाने तोआदेरला दारातूनच हाकललं, तेव्हा ही बया स्वतःची पेटी घोडागाडीत टाकून त्याच्या अंगणात जाऊन बसली होती.

तोआदेर धंद्याने सुतार, आणि गावच्या चर्चमधला गायक. दर रविवारी बायबलमधली पौलाची पत्रं तो अशा खड्या आवाजात वाचायचा की पेंगणाऱ्या म्हाताऱ्याही ताठ व्हायच्या. ईस्टरआधीच्या उपासात नवरा-बायकोने लांब राहायचं, म्हणून तो चुलीजवळच्या बाकावर झोपायचा. आमच्याकडचे सगळेच नवरे तसं झोपतात, निदान तसं सांगतात. ईस्टर झाला की उशी पलंगावर परत येते. यंदा आली नाही. ईस्टरनंतर पन्नास दिवसांनी येणारा पेन्टेकॉस्टचा सण होऊन गेला, डोंगरावरचं गवत कापून झालं, तरी उशी आपली बाकावरच.

"पाठ दुखते गं," तो म्हणाला.

"मग फळीवर कशाला लोळतोस, शहाण्या?"

शेवटी त्याने तोंड उघडलं. गेल्या नाताळाआधी त्यांची मुलगी जन्मतानाच गेली होती. महिने मोजले तर ती उपासाच्या दिवसांतच पोटात राहिलेली. ही देवाची शिक्षा, असं याने धरून ठेवलं, आणि मठात जाऊन फादर नेक्तारींसमोर शपथ घेतली: यापुढे बायकोला बहीण मानायचं.

सफ्ताला आधी रडू आलं, मग संताप. भाऊ तिला तीन होते, चौथा नको होता. तिने डोक्याला रुमाल बांधला, पिशवीत चीजचा गोळा टाकला आणि नवऱ्याला पुढे घालून मठाचा डोंगर चढली.

फादर मधमाश्यांच्या पेट्यांपाशी होते.

"फादर, याने शपथ घेतली तेव्हा मला का नाही बोलावलंत?"

"अगं, तो म्हणाला, तुमचं दोघांचं ठरलंय."

तोआदेरने मान खाली घातली. फादर आत जाऊन ग्रंथ घेऊन आले आणि त्याच्यापुढे उघडा धरला. "वाच. रविवारी वाचतोस तसं."

त्याने वाचलं. नवऱ्याचं शरीर त्याच्या एकट्याचं नाही, बायकोचंही आहे. एकमेकांना दूर ठेवू नका. ठेवलंच तर दोघांच्या संमतीने, प्रार्थनेपुरतं, थोडे दिवस. संमतीपाशी तो खडा आवाज बसला.

"हे तुला पाठ होतं," सफ्ता म्हणाली.

"होतं. पण तिची शवपेटी मी बनवली ना गं. एवढीशी. अजून एक नाही बनवता यायची मला."

सफ्ताचा राग गेला. हट्ट मात्र तसाच होता.

"त्या रात्री मी तुला नाही म्हटलं नव्हतं, तोआदेर. पाप असेल तर अर्धं माझं. आणि पोरगीही माझी होती. सगळं एकट्यानेच उचललंस, मला साधं विचारलंही नाहीस!"

तोआदेर तिथेच गवतात बसला आणि सहा महिन्यांचं एकदम रडला.

"देव लेकरांवर सूड उगवत नाही रे," फादर म्हणाले. "आणि ही शपथ तुझ्या एकट्याची नव्हतीच, तेव्हा ती सुटली. घरी जा."

घरी आल्यावर उशी त्याने स्वतःच उचलली. रिकाम्या बाकावर सफ्ताने चीजने भरलेलं पिंप आणून ठेवलं आणि बजावलं, पुढच्या उपासात बाकावर झोपायचं तर हे हलवायचं, पण दोघांनी मिळून.