सोमवारचा उसना दात

मन्मथप्पा काकांनी ग्लास एका बोटानं माझ्याकडं परत सरकवला.

“हे मी ओठाला लावणार न्हाई,” ते म्हणाले. “लिंगायत माणूस मी, गळ्यात लिंग हाय माझ्या. आन् चाखल्याबिगर माल घ्यायची आपल्याला सवय न्हाई. आता काय करायचं ते तूच सांग.”

मी काय सांगणार, कपाळ? टेबलावर वेगवेगळ्या मुलखांतल्या पाच बाटल्या मांडलेल्या. शेजारी आमचे एरिया मॅनेजर देशमुख सर घड्याळ बघून राहिलेले. आणि समोर लातूरचे जुने दालमिलवाले मन्मथप्पा. त्यांच्या मुलानं हे नवं हॉटेल काढलं, खाली परमिट रूमही काढली. पण खरेदी मात्र वडिलांच्याच हातात. स्वतः सुपारीचं खांडही खात नाहीत. मी एकदा भीत भीत विचारलं होतं, काका, मग दारूचा धंदा कसा चालतो तुम्हाला? तर म्हणाले, विकणं धंदा हाय आन् पिणं पाप हाय, दोन्हीचा संबंध काय.

माझं काम आधी सांगते, म्हणजे घोळ होणार नाही. मी एका वाइन कंपनीत आहे. हॉटेलांना वाइन निवडून द्यायची, कुठली कशाबरोबर चांगली लागते ते तिथल्या स्टाफला शिकवायचं. लोकांना वाटतं ही बाई दिवसभर पीत असेल. अहो, दिवसभर प्यायले तर संध्याकाळी लातूरची बस कशी सापडेल? आम्ही पीत नाही, चाखतो. घोट तोंडात घ्यायचा, जिभेवर चहूकडं फिरवायचा आणि थुंकायचा. त्यासाठी टेबलावर भांडं ठेवलेलं असतं, त्याला स्पिटून म्हणतात. दिसायला ते काही शोभिवंत नसतं, पण त्याच्यावरच आमचं पोट चालतं.

नांदेड आणि लातूर ही माझी टेरिटरी. नांदेडला बरं चाललं होतं. तिथल्या एका हॉटेलच्या मॅनेजरनं कुठंतरी वाचलं होतं की लाल वाइन रूम टेंपरेचरला ठेवावी. यानं इमानदारीत ठेवली, पत्र्याच्या स्टोअर रूममध्ये, भर मे महिन्यात. मी चाखली तर जांभळाचा काढा. मी म्हटलं, दादा, ती रूम थंड देशातली असते, आपली नव्हे, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बिचारा इतका हसला, की त्या हसण्यातच ऑर्डर दिली त्यानं.

लातूर मात्र उघडत नव्हतं. माझं स्वतःचं गाव, आणि तिथंच माझी डाळ शिजेना. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, या सीझनला लातूरचं एक मोठं हॉटेल आलं नाही, तर ही टेरिटरी बंद करून तुला पुण्याला ट्रान्सफर. पुणं वाईट नाही. पण घरी माझे अप्पा एकटे. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. ते आडत सोडून पुण्याला येणार नाहीत, आणि मी गेले तर रात्री मिठाच्या डब्यात साखर ओतून ठेवतील, असा माणूस.

अप्पांची आडत म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून द्यायचं दुकान. पोत्यात परखी खुपसायची. परखी म्हणजे टोकदार नळी, तिच्यातून मूठभर दाणे बाहेर येतात. त्यातला दाणा दाताखाली धरायचा. कट् करून फुटला तर वाळलेला, दबला तर ओला. मग थुंकायचा. आता ओल मोजायचं मशीन आलंय, तरी दाताशिवाय कुणाचं समाधान होत नाही. मन्मथप्पा काका अप्पांकडून तूर घेतात, पण ते बारा महिने सोमवार करतात. उपासाच्या तोंडात दाणा कसा घालणार? म्हणून सोमवारी अप्पा चावून सांगतात आणि काका त्या शब्दावर माल उचलतात. श्रावणातले सोमवार अप्पाही करतात. तेव्हा शेजारच्या आडतीतले रहीमभाई दोघांसाठी चावतात. रमजानमध्ये रहीमभाईंसाठी अप्पा. अशी ही दातांची उसनवारी मी लहानपणापासून बघत आले.

माझ्या कामाबद्दल मात्र अप्पा तीन वर्षं एक शब्द बोलले नव्हते. रागावले नाहीत, अडवलं नाही. कुणी विचारलं, पोरगी काय करते, तर म्हणायचे द्राक्षाच्या कंपनीत आहे. खोटं नव्हतं ते. पण मला लागायचं. टूरवरून आले की घराच्या अलीकडं थांबून मी चूळ भरायची, बडीशेप खायची आणि मग दार वाजवायची. ते विचारायचे, जेवलीस का? बस्स, तेवढंच.

तर काकांनी ग्लास सरकवला, थोडा विचार केला आणि म्हणाले, “बसलिंगप्पाला बोलाव. तुझ्या बापासमोर होऊन जाऊ दे काय ते.”

सगळ्या जगासमोर वाइन चाखीन, पण अप्पांसमोर? सर म्हणाले, कॉल युवर फादर, त्यात काय. त्यांना काय माहीत त्यात काय ते. मी फोन लावला. अप्पा म्हणाले, मी तिथं येऊन काय करू? आणि लगेच म्हणाले, येतो.

आले. स्कूटीवरून, डोक्यावर टोपी, खांद्यावर पंचा. दाराजवळची खुर्ची ओढून बसले. वेटरनं पाणी आणलं, ते घेतलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. मला क्षणभर वाटलं, सगळं आवरावं आणि पुण्याला जावं, सुटले एकदाची.

पण बाटली उघडली की माझे हात आपोआप चालतात. पहिली नाशिकची पांढरी. वास घेतला, घोट फिरवला, थुंकले. काकांना म्हटलं, कच्चा पेरू हाय काका, वर लिंबू पिळलेला. तळलेल्या पदार्थाबरोबर छान जाईल. दुसरी सोलापूरकडची लाल. पिकलेलं जांभूळ, आणि शेवटी मिऱ्याची चुणूक. सरांना वाटलं मी टॅनिनबद्दल बोलावं, तर तेही सांगितलं. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते ना, त्याला आमच्यात टॅनिन म्हणतात. काका म्हणाले, मग जांभूळच म्हण की. तिसरी ऑस्ट्रेलियाची, जाड, गोडसर, भिजवलेल्या मनुकांसारखी. एका ग्लासात गिऱ्हाइकाचं पोट भरेल, दुसरा मागवणार नाही. चौथी इटलीची, आंबट आणि हलकी, आमसुलाच्या सारासारखी. मटणाचा तिखट रस्सा खाताना मध्ये घोट घेतला की तोंड मोकळं होतं. मला स्वतःला ती फार आवडते.

मध्येच माझ्या लक्षात आलं, की अप्पा खुर्चीत पुढं झुकलेत. ग्लासाकडं नाही, माझ्या थुंकण्याकडं बघून राहिलेत.

पाचवी फ्रान्सची. ही सरांची लाडकी, कंपनीनं भरपूर मागवून ठेवलेली. येताना गाडीत त्यांनी मला बजावलं होतं, ही काहीही करून खपव. मी बूच काढलं, ओतली, नाक जवळ नेलं आणि थांबले. बाटली खराब होती. कधीकधी बुचातच बुरशीचा दोष असतो. पिणाऱ्याला अपाय होत नाही, पण फळाचा वास मरतो आणि भलताच वास उरतो. सरांनाही तो आला असणार. ते हळूच म्हणाले, “पुढं चल.”

काकांना कळणार नव्हतं. त्यांना तर सगळं लाल पाणी सारखंच. पण दाराजवळ अप्पा बसले होते, आणि खरं सांगते, ते नसते तरी मला ती बाटली चांगली म्हणता आली नसती.

“काका, ही बाटली खराब आहे,” मी म्हटलं. “भिजलेल्या बारदानाचा वास येतोय.”

सर हसल्यासारखं करत म्हणाले, “फ्रान्सची वाइन थोडी मातीसारखी असतेच.”

“सर, माती वेगळी आणि ओलं बारदान वेगळं. मी बारदानातच वाढलेय.”

अप्पा उठले. टेबलापाशी आले. ग्लास उचलून नाकाजवळ धरला, परत ठेवला आणि जागेवर जाऊन बसले. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मी बॅगेतून त्याच वाइनची दुसरी बाटली काढून उघडली. ही एकदम छान निघाली. सुक्या अंजिराचा वास, आणि मागून माठातल्या पाण्यासारखा गारवा. म्हटलं, काका, ही चांगली आहे. महाग आहे, सगळ्यांना परवडणार नाही, पण माल उत्तम.

काका हसायला लागले. म्हणाले, बाटलीवरची चिठ्ठी तीच, कंपनी तीच, रंग तोच, मघाशी वाईट आन् आता चांगली. मला यातलं काय कळणार? मी कशाच्या भरवशावर माल घेऊ? आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. सरांनी बॅगची चेन ओढली. मला डोळ्यांसमोर पुण्याची खोली दिसायला लागली, आणि लातूरला एकटेच जेवणारे अप्पा.

“मन्मथप्पा,” अप्पा दाराजवळूनच म्हणाले, “सोमवारी तू तूर कुणाच्या दातानं घेतोस?”

काका थबकले. “तुझ्या.”

“कधी ओला माल वाळला म्हणून दिला का तुला?”

“न्हाई बा.”

“मग हे हिच्या दातानं घे. लेक हाय माझी. आत्ता आपल्या सायबासमोर आपलाच माल खराब म्हणाली ती. तू ऐकलंस की.”

काका परत बसले. टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग म्हणाले, “हाव. ह्ये पटलं.”

नाशिक, सोलापूर आणि इटली त्यांनी घेतली. फ्रान्सची थोडी, ऑस्ट्रेलिया नको. पण एक अट घातली. दर खेपेला माल आला की आधी हिनं येऊन चाखायचं, दुसरं कुणी पाठवलं तर माल परत. सर गाडीत बसता बसता मला म्हणाले, धंदा बुडवला असतास आज. मी म्हटलं, हो सर. रिपोर्टमध्ये मात्र त्यांनी लिहिलं की क्लायंटचा आग्रह आहे, सबब सुवर्णाला, म्हणजे मला, लातूरहून हलवता येणार नाही. मला तेवढंच पाहिजे होतं.

मी अप्पांच्या मागं स्कूटीवर बसून घरी आले. अर्ध्या वाटेवर ते म्हणाले, “रोज असंच थुंकतीस का गं?”

“हो.”

“मग इतके दिवस सांगितलं का न्हाईस?”

“तुम्ही विचारलं कुठं, अप्पा?”

त्या दिवशी मी चूळ न भरताच घरात गेले. आधीच आत गेलेल्या अप्पांचा आवाज आला, जेवलीस का? मी स्वयंपाकघरात जाऊन कढी ठेवली आणि रडले थोडी. कढी उतू गेली, तिच्याकडं लक्षच नव्हतं.

आता नवा स्टाफ आला की पेरू, जांभूळ मी नंतर शिकवते. पहिल्या दिवशी एकच सांगते, आपली बाटली खराब असेल तर गिऱ्हाइकाच्या आधी आपण म्हणायचं. बरेच जण वहीत लिहून घेतात. पाळतात किती, ते विचारू नका.

श्रावण लागला. सोमवारी मी घरी होते, तर दुकानावरून अप्पांचा फोन. लगेच ये. मला वाटलं तब्येत बिघडली. धावत गेले तर अप्पा गादीवर निवांत बसलेले, समोर नव्या मुगाची पोती, आणि बाजूला मन्मथप्पा काका. दोघांचाही उपास. रहीमभाई आपल्या दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसलेले, म्हणजे गावाला गेले नव्हते, आजारीही नव्हते. माझ्याकडं बघून त्यांनी नुसता कप उंचावला.

मूग विकायला आलेल्या शेतकऱ्यानं विचारलं, ताई कोण?

“माझी लेक,” अप्पा म्हणाले. “चाखायचं काम करते.” आणि परखीतले दाणे माझ्या तळहातावर ओतले.

मी दाणा दाताखाली धरला. दबला. थुंकले.

“ओल हाय, अप्पा. दोन दिवस उन्हात घालावा लागंल.”

ओल मोजायचं मशीन शेजारीच होतं. अप्पांनी त्याला हात लावला नाही. शेतकऱ्याकडं वळून म्हणाले, “ऐकलं ना? वाळवून आण.”